डॉक्टर म्हणाले 'रोज फिरत जा', आता नेमकं करायचं काय? (गावाकडं नव्यानं चालायला लागणाऱ्यांसाठी)

आमच्या शेजारच्या काकाजींना तीन वर्षांमागं शुगर निघाली. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या आणि काकाजी खुर्चीवरून उठत होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज फिरत जा. काकाजी शिस्तीचे माणूस, दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला मोटरसायकल काढायचे, फाट्यापर्यंत जायचे, टपरीवर चहा घ्यायचे आणि परत यायचे. असं महिनाभर चाललं. मी एकदा विचारलं तर म्हणे, "डॉक्टरनंच सांगतलं ना बावा, फिरत जा म्हणून. फिरूनच राह्यलो ना मी."

आम्ही लय हसलो तेव्हा, पण नंतर वाटलं की यात काकाजींचं चुकलं काय? आपल्याकडं गाडीवर चक्कर मारली तरी फिरणंच म्हणतात. डॉक्टर 'चाला' म्हणाले नाहीत, किती मिनिटं, किती जोरात, जेवणाआधी का नंतर हे सांगितलं नाही, काकाजींनी विचारलं नाही, बाहेर तीस पेशंट वाट पाहत होते. सूचना मिळाली, गोळ्या मिळाल्या, माणूस प्रामाणिकपणे करायला लागला आणि एक पाऊल चालला नाही.

ह्या मधल्या फटीलाच आरोग्य साक्षरता कमी पडणं म्हणतात. शब्द जड आहे पण गोष्ट साधी आहे. तब्येतीबद्दलची माहिती शोधता येणं, ती समजणं, खरी का खोटी हे तपासता येणं आणि मग स्वतःच्या जगण्यात बसवता येणं, ह्या चार गोष्टी. २०१२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी ह्याच चार गोष्टी धरून व्याख्या केली. त्याच्या आधी २००० मध्ये डॉन नटबीम नावाच्या अभ्यासकानं तीन थर सांगितले होते, पहिला वाचून समजणं, दुसरा बोलून विचारून माहिती काढणं, आणि तिसरा त्या माहितीला प्रश्न विचारणं. माझं मत विचाराल तर आपल्या गावात पहिल्यापेक्षा दुसरा थर जास्त कच्चा आहे. वाचता बहुतेकांना येतं, विचारायची लाज वाटते.

आणि याचा डिग्रीशी तेवढा संबंध नाही. आमच्या गावात एक रिटायर गुरुजी आहेत, एमए, मोबाईलमध्ये पावलं मोजायची तीन ॲप, रोज सकाळी ग्रुपवर व्यायामाचे दोन मेसेज, आणि स्वतः पारावर बसलेले. आणि एक मावशी आहेत, तिसरी शिकलेल्या, पण त्या दवाखान्यात गेल्या की डॉक्टरला सोडत नाहीत. "थांबा जी, मी सांगतो तुमाले मले काय समजलं ते, चुकलं तर बोला." हे त्यांना कोणी शिकवलं नाही. माझ्या हिशेबानं मावशी जास्त साक्षर.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचे एकत्र आढावे झालेले आहेत, त्यात साधारण असं दिसतं की ज्यांची आरोग्य साक्षरता चांगली ती मोठी माणसं जास्त हालचाल करतात. पण बहुतेक अभ्यास एकाच वेळी दोन्ही गोष्टी विचारून केलेले आहेत, म्हणजे समज आली म्हणून माणूस चालायला लागला का चालणारा माणूस आपोआप माहिती घेत गेला, हे त्यातून पक्कं कळत नाही. पैसा, वय, शिक्षण हे पण त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळं नुसतं वाचून कोणी तंदुरुस्त होत नाही एवढं ध्यानात ठेवा आणि आता कामाला लागू.

पहिली पायरी: उठायच्या आधी तीन प्रश्न

डॉक्टर, उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम, आशाताई, कोणीही व्यायाम सांगितला की तिथंच विचारायचं. मला नेमकं झालंय काय? मी करायचं काय? आणि ते न केलं तर काय होईल? मग मावशीसारखं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. "म्हणजे रोज अर्धा तास, पायी, दम लागेल एवढं, नाश्ता करून, बरोबर?" दहा सेकंद लागतात. डॉक्टर चिडत नाहीत, चिडले तरी चिडू द्या.

चिठ्ठीवर १-०-१ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे इथं कशाला सांगतोय ते पाचव्या पायरीत कळेल, गोळीचा आणि चालण्याचा संबंध असतो आणि मला तो फार उशिरा कळला.

दुसरी पायरी: आत्ता आपण किती हलतो ते मोजा

इथं आल्यावर प्रत्येक कास्तकार एकच बोलतो, "आमाले कायले लागते व्यायाम, दिवसभर वावरातच असतो." बरोबर आहे आणि अर्धं चूक पण आहे, म्हणून इथं जरा थांबू.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे नियम काढले त्यात मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, आणि त्यावर दोन दिवस ताकदीचं काम. ह्यात जिमच पाहिजे असं कुठंच नाही. कामावरची हालचाल, कुठं जाण्यासाठी चाललेलं, घरकाम, सगळं धरतात. आधी असं होतं की सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत, २०२० मध्ये ती अट पण काढली. म्हणजे गोठा झाडला, हापसीवरून दोन गुंड पाणी आणलं, पांदणीनं वावरापर्यंत पायी गेलात, निंदण केलं, हे सगळं खात्यात जमा.

मग चूक कुठं? एक तर काम वर्षभर सारखं नसतं. रोवणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी ह्या दिवसांत माणूस मोडून पडतो आणि तूर-हरभरा घरात आला की फेब्रुवारीच्या शेवटापासून मृग लागेपर्यंत बाजेवर. शरीर हिशेब आठवड्याचा ठेवते, हंगामाचा नाही. दुसरं म्हणजे दहा-पंधरा वर्षांत काम बदललं. निंदणाऐवजी तणनाशक, बैलाच्या डवऱ्याऐवजी ट्रॅक्टर, सोंगणीला हार्वेस्टर आणि वावरापर्यंत मोटरसायकल. आपण धुऱ्यावर उभं राहून मजुरांना सांगतो आणि रात्री म्हणतो आज लय काम झालं. काम झालं, पण केलं कोणी? आणि तिसरं, थकणं आणि दम लागणं वेगळं. कापूस वेचताना दिवसभर वाकून कंबर जाते पण ओळीत हळूहळू सरकताना छाती भरून दम लागतो असं फार होत नाही. कामावरच्या जड श्रमाचा हृदयाला मोकळ्या वेळातल्या व्यायामासारखाच फायदा होतो का, यावर संशोधकांत पण वाद चालू आहे. म्हणून माझा सल्ला, वावरातलं काम खात्यात धरा, पण त्याच्या भरवशावर चालणं सोडू नका.

तर करायचं असं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात दिवस रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात मिनिटं लिहायची, ज्या कामात श्वास वाढला तेवढीच. खोटं लिहू नका, कोणी पाहत नाही. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एप्रिल होता आणि आठवड्याची बेरीज निघाली ३५. मला वाटत होतं दोनशेच्या वर असेल.

वाईट वाटून घेऊ नका, २०२२ च्या आकड्यांप्रमाणं भारतातले जवळपास निम्मे मोठे लोक पुरेशी हालचाल करत नाहीत, बाया ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के. हा प्रश्न फक्त शहरातल्या खुर्चीवाल्यांचा राहिला नाही.

ह्याच्यात आशाताईची मदत होते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा त्या एक फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का हे विचारतात. प्रत्येक उत्तराला मार्क आहेत आणि बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलावतात. आपल्याकडं काय होतं, आशाताई दारात उभ्या, आपण आतूनच "हो हो होते, लिहून टाका" म्हणतो. तसं करू नका. टेपनं घेर मोजू द्या (बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की मार्क वाढतात) आणि आपली बेरीज किती आली ते विचारून घ्या, तुमचीच आहे ती.

तिसरी पायरी: वेग

'मध्यम' म्हणजे किती हा प्रश्न मला दोन महिने पडला होता. उत्तर सोपं आहे, चालताना बोलता आलं पाहिजे पण भजन म्हणता नाही आलं पाहिजे. भजन आरामात निघत असेल तर वेग कमी आहे, बोलतानाच वाक्य तुटत असेल तर तो जोराचा व्यायाम झाला, नव्या माणसानं तिथं जाऊ नये.

दुसरी युक्ती, एक मिनिट पावलं मोजा, शंभराच्या आसपास आली की साधारण मध्यम. मोबाईल घड्याळ काही लागत नाही, कोणाला तरी मिनिट बघायला सांगा. मी एकदा गाडीच्या मीटरवर मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंतचं अंतर मोजून घेतलं, १.२ किलोमीटर निघालं. आता पंधरा मिनिटांत फाटा गाठला की वेग बरोबर, वीस लागली तर कोणाशी तरी गप्पा मारत आलो.

सुरुवात दहा मिनिटांनी करा. पहिल्याच दिवशी तासभर चालून तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसणारे मी लय पाहिले. दर आठवड्याला रोजची पाचेक मिनिटं वाढवा, महिना-दीड महिन्यात तीस मिनिटं आणि आठवड्यातले पाच दिवस, झाले १५०. बाजाराच्या दिवशी सुट्टी घ्या.

चौथी पायरी: आलेला मेसेज तपासा

व्हॉट्सॅपवर आलं की खरं, असं आपल्याकडं चालू आहे. तीन गोष्टी बघायच्या, सांगणारा कोण, तो काही विकतोय का, आणि दुसऱ्या एका भरवशाच्या माणसानं (डॉक्टर, सीएचओ, नर्सबाई) तेच सांगितलं का.

१०,००० पावलांचंच घ्या. जपानमधल्या एका कंपनीनं १९६५ मध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होतं, तिथून हा आकडा पसरला. कोणत्या डॉक्टरनं तपासून ठरवलेला नव्हता. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की साठीच्या पुढच्या लोकांना सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा वाढत जातो आणि पुढं तो फार वाढत नाही. त्यामुळं गुरुजींच्या ॲपवर ४,००० दिसले म्हणून निराश होऊन बसून राहायची गरज नाही (ते बसतात).

दुसरं आमच्याकडं फार चालतं, सकाळी दवावर अनवाणी चाललं की डोळ्याचा नंबर जातो. नंबर जात नाही. आणि शुगरवाल्यानं तर हे अजिबात करू नये, कारण जुन्या शुगरमध्ये तळपायाची जाणीव कमी होते. आमच्या ओळखीच्या एकाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, त्याला दोन दिवस पत्ताच नाही, सून म्हणाली बाबा पाय सुजला तेव्हा पाहिलं. पुढं ड्रेसिंग करता करता पूर्ण उन्हाळा गेला. बंद चप्पल किंवा बूट घाला, आणि रात्री आरसा धरून तळवे बघा.

पाचवी पायरी: कधी थांबायचं

आता माझी गोष्ट. मला ४१ व्या वर्षी शुगर निघाली, ग्लिमेपिराइडची गोळी सुरू झाली, सकाळी. मी नवा उत्साही, कुठंतरी ऐकलं होतं उपाशीपोटी चाललं की चरबी जळते. तर सकाळी गोळी घेतली, नाश्ता न करता निघालो आणि पाऊण तास दणक्यात चाललो. पांदणीत हात थरथरायला लागले, घामानं शर्ट भिजला, डोळ्यांपुढं अंधार. धुऱ्यावर बसलो. बाजूच्या वावरातला सालदार भाकर सोडून बसला होता, तो धावत आला, म्हणे काय झालं जी, आणि त्याच्या डब्यातला गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. दहा-पंधरा मिनिटांत माणसात आलो. शुगर खाली गेली होती. ही गोळी शुगर खाली आणते आणि चालणं पण आणते, दोन्ही एकदम आणि पोट रिकामं. चिठ्ठीवर नाश्त्याबरोबर असं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

तर इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारा की मी चालायचं कधी आणि खायचं कधी. खिशात साखरेची पुडी ठेवा. थरथर, घाम, घाबरल्यासारखं झालं की थांबा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटं बसा, फरक नाही पडला तर परत तेवढीच. ७० च्या खाली शुगर म्हणजे कमी. माझं म्हणाल तर मी आता रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं पण चालतो, जेवणानंतर चढणारी शुगर त्यानं कमी चढते.

चालताना छातीवर दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखलं आणि थांबल्यावर बरं वाटलं तर "गॅस असंल" म्हणून सोडू नका. चाललं की दुखतं आणि थांबलं की जातं ही हृदयाची खूण असू शकते, दुसऱ्याच दिवशी दाखवा. थांबूनही जात नसेल तर १०८ ला फोन.

ऊन वेगळं सांगायला नको, आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर जातं. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला निघून साडेसहाला घरात पाहिजे, दुपट्टा, पाण्याची बाटली. कोणी उन्हात बडबडायला लागलं, अंग तापलेलं, तर सावलीत आणा, अंगावर पाणी टाका, १०८.

सिकलसेलबद्दल एक (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार), कारण आपल्या विदर्भात आहे आणि लोक तपासणीचं कार्ड पेटीत ठेवून विसरतात. कार्डावर एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे आजार. एसएस असेल तर दमेपर्यंत पळायचं नाही, पाणी कमी पडू द्यायचं नाही, कडक ऊन आणि थंडी दोन्ही टाळायचं, किती चालायचं ते डॉक्टरकडून ठरवून घ्यायचं. एएसवाले बहुतेक सगळं करू शकतात, पण पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांनी उन्हात, पाण्याशिवाय, एकदम जीव तोडून धावू नये आणि आपलं कार्ड काय आहे हे शिकवणाऱ्याला सांगावं.

सहावी पायरी: ताकद

आठवड्यात दोन दिवस. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर, गुडघे चांगले असतील तर आखाड्यातल्या बैठका. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आपल्या भागाला जोर-बैठका कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. साठीच्या पुढं दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचा सराव करा, पडणं टळते.

सातवी पायरी: लोक

सगळ्यात अवघड हीच, आणि बायांसाठी तर जास्तच. माझी बायको चालायला निघाली तर पहिल्याच दिवशी ओट्यावरून आवाज आला, "काहून वो, घरी काम नाही काय?" ती दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. मग बचत गटातल्या दोघींनी डोकं लढवलं, तिघी मिळून निघायचं आणि हातात कापडी पिशवी घ्यायची. पिशवी असली की बाई कामाला चालली, कोणी विचारत नाही. चार महिने रिकामी पिशवी घेऊन चालल्या. आता पिशवी घेत नाहीत आणि सहा जणी झाल्या आहेत, ज्या बाईनं ओट्यावरून विचारलं होतं ती पण आहे त्यात. त्यांच्यात कोणाचा बीपी किती, कोणाला कोणती गोळी, डॉक्टरला काय विचारायचं हे सगळं चालता चालताच होतं.

तुम्ही पण एक जण शोधा सोबतीला, शक्यतो जो सकाळी दार वाजवायला लाजत नाही असा.

आणि कॅलेंडरचं पान महिना संपला की फाडून फेकू नका, घडी करून दवाखान्याच्या फाईलीत ठेवा. पुढच्या तपासणीला बीपी-शुगरच्या आकड्यांशेजारी ते पान ठेवायचं आणि विचारायचं, एवढं चाललो तर हे आकडे असे का? काकाजी मागच्या वेळी पान घेऊन गेले होते. डॉक्टरनं विचारलं हे १८ तारखेला शून्य काय, तर काकाजी म्हणाले, "त्या दिवशी मोटरसायकलवर फिरलो होतो जी."